मुक्त दासांचे धर्मपिता: धन्यवादित फादर लाव्हाल यांचे अल्पचरित्र

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मागील वर्षांचा हिशेब मांडण्याची वेळ आली असे समजावे. देवळाचा पाया कोणत्या साली घातला, घंटा कोणी दिली, वेदी कोणाच्या द्रव्यसाहाय्याने उभी राहिली आणि कोणकोणते धर्मगुरू येथे सेवा करून गेले, हे सर्व या पुस्तिकेच्या इतर पानांवर यथास्थित आले आहे. परंतु धर्मग्राम म्हणजे नेमके काय, आणि तो कोणाच्या हातांनी उभा राहतो, या प्रश्नाचा उलगडा अशा यादीने होत नाही. तो उलगडा आम्हास ज्या एका सत्पुरुषाच्या चरित्रात झाला, त्याची ओळख आपल्या धर्मबंधुभगिनींना करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

आम्ही सेमिनरीत शिकत असताना फादर जाक-देझिरे लाव्हाल यांचे चरित्र प्रथम वाचले. त्या वयात आमचे सर्व लक्ष आकड्यांकडे गेले; एका धर्मगुरूच्या हयातीत साठ हजारांहून अधिक लोक ख्रिस्तसभेत आले, ही गोष्टच मोठी अद्भुत वाटली. आज धर्मग्रामांत पुष्कळ वर्षे काढल्यावर तेच चरित्र पुन्हा हाती घेतले, तेव्हा आकडा मागे पडला आणि दुसरेच काही पुढे आले. ते काय, हे वाचकांस पुढे कळून येईलच.

प्रथम त्यांच्या कर्मभूमीचा वृत्तांत दिला पाहिजे. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस मॉरिशस नावाचे एक लहानसे बेट आहे. अठराव्या शतकात ते फ्रेंचांच्या ताब्यात होते. तेथील मळ्यांवर राबण्यासाठी मोझांबिक व मादागास्कर येथून, आणि काही आपल्या हिंदुस्थानातूनही, माणसे विकत आणली जात. इ. स. १८१० मध्ये इंग्रजांनी ते बेट जिंकून घेतले. राज्यकर्ते बदलले, परंतु ऊस बदलला नाही आणि ऊस तोडणाऱ्यांचे दैवही बदलले नाही. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने इ. स. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी तो मॉरिशसमध्ये अमलात आला. सुमारे ६६,००० माणसे त्या दिवशी कायद्याने गुलाम राहिली नाहीत.

कायद्याने असे म्हणण्याचे कारण उघड आहे. गुलाम सोडून द्यावे लागले म्हणून मालकांस सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक नुकसानभरपाई दिली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून ती संपत्ती निर्माण केली, त्यांच्या हाती एक कवडीही पडली नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे त्यांना जुन्याच धन्याकडे काम करणे भाग पडले. इ. स. १८३९ मध्ये ही उमेदवारी संपली तेव्हा हजारो लोक मळे सोडून निघाले. ज्या मातीत आपल्या बापाला चाबूक बसला, त्या मातीत पैसे घेऊनही राबण्याची त्यांना इच्छा नव्हती. कोणी शहराच्या कडेला झोपड्या घातल्या, कोणी समुद्रकाठी मासेमारी पत्करली, कोणी डोंगराच्या उतारावर लहानसा तुकडा कसू लागले. जमीन नाही, अक्षरओळख नाही, आणि कुटुंब म्हणावे तर तेही धड नाही. कारण दासाचा विवाह धन्याच्या मर्जीवर असे, आणि तो बहुधा होतच नसे. धर्माचे म्हणाल तर जुन्या फ्रेंच कायद्यात दासांना बाप्तिस्मा देण्याचे कलम होते खरे, परंतु त्यांना धर्म शिकविण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली. देवळे गोऱ्या लोकांची होती आणि सबंध बेटावर धर्मगुरू मूठभर होते.

याच सुमारास फ्रान्समध्ये एक तरुण वैद्य आपल्या जीवनाचा मार्ग बदलीत होता. जाक-देझिरे लाव्हाल यांचा जन्म १८ सप्टेंबर १८०३ रोजी नॉर्मंडी प्रांतातील क्रॉथ या गावी एका सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील गावचे प्रमुख होते. आई मोठी धर्मशील व दीनदुबळ्यांस हात देणारी होती. परंतु लहानपणीच त्यांना मातृवियोग झाला. प्रथम धर्मगुरू असलेल्या चुलत्याजवळ व पुढे पॅरिस येथे त्यांचे शिक्षण झाले आणि इ. स. १८३० मध्ये त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी संपादन केली. आपल्याच भागातील सेंट आंद्रे व नंतर इव्री या गावी त्यांनी धंदा सुरू केला. हातगुण चांगला, गरिबाकडून पैसे घेण्याची हाव नाही, त्यामुळे त्यांचा लौकिक वाढला. मात्र त्या दिवसांत त्यांना उत्तम पोशाखाची आणि घोड्याची हौस होती, आणि धर्माचरणात शैथिल्य आले होते. एकदा ते घोड्यावरून पडले व थोडक्यात बचावले. या प्रसंगाने त्यांच्या मनावर खोल परिणाम केला. आतून कित्येक दिवस येत असलेल्या हाकेला आता ओ दिली पाहिजे असे त्यांना वाटले. इ. स. १८३५ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, धंदा व मानमरातब सोडून त्यांनी पॅरिसच्या सेंट सुल्पिस सेमिनरीत प्रवेश केला. मॉरिशसच्या दासांची बेडी ज्या वर्षी कायद्याने तुटली तेच हे वर्ष. त्या दोहोंचा संबंध तेव्हा एका परमेश्वरासच ठाऊक होता.

२२ डिसेंबर १८३८ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पँतरव्हील या खेड्याचा धर्मग्राम त्यांच्याकडे आला. तेथे लोक देवळाकडे क्वचितच फिरकत. फादर लाव्हाल यांनी दोन वर्षे तेथे काढली. रिकाम्या देवळात तासन्‌तास प्रार्थना करावी, घरातील वस्तू गरिबांस देऊन टाकाव्या, आजाऱ्यांच्या दारी जावे, हा त्यांचा क्रम. त्या धर्मग्रामात मोठी क्रांती झाली असे चरित्रकार सांगत नाहीत. परंतु कोणी न आले तरी आपले काम चालू ठेवण्याची विद्या त्यांना तेथे साध्य झाली, आणि तीच पुढे उपयोगी पडली.

सेंट सुल्पिसमध्ये असताना त्यांचा काही असामान्य मंडळींशी स्नेह जडला होता. त्यांत ल व्हाव्हासर नावाचा एक तरुण मॉरिशसच्या शेजारच्या बूर्बों, म्हणजे आताच्या रेयुनियों, बेटावर वाढलेला होता. दासांची स्थिती त्याने डोळ्यांनी पाहिली होती. दुसरे फ्रान्सिस लिबरमान. हे एका यहुदी रब्बीचे पुत्र, ख्रिस्ती झालेले, आणि अपस्माराच्या व्याधीमुळे त्यांची गुरुदीक्षा कित्येक वर्षे अडलेली. काळ्या लोकांच्या सेवेस वाहिलेला एक संघ स्थापावा, असा या मित्रांचा संकल्प होता. पवित्र मरियेच्या निष्कलंक हृदयास समर्पित असा तो संघ इ. स. १८४१ मध्ये सुरू झाला. फादर लाव्हाल यांनी आपल्या मालमत्तेतून त्यास साहाय्य केले आणि स्वतःसही देऊन टाकले. संघाचे घर उघडण्यापूर्वीच ते निघालेही होते. मॉरिशसचे धर्माधिकारी बिशप कॉलियर यांना धर्मगुरू हवेच होते. त्यांच्याबरोबर जून १८४१ मध्ये लंडनहून फादर लाव्हाल गलबतावर चढले आणि १४ सप्टेंबर १८४१ रोजी, पवित्र क्रूसाच्या सणाच्या दिवशी, पोर्ट लुई बंदरात उतरले. पुन्हा त्यांनी मायदेश पाहिला नाही.

नव्या धर्मगुरूस बेटावरील गोऱ्या लोकांचे देऊळ, त्यांच्या मेजवान्या आणि त्यांचा स्नेह सहज मिळाला असता. ते त्यांनी नाकारले. देवळाच्या आवारात दोन लहान खोल्यांची एक झोपडीवजा जागा त्यांनी घेतली आणि आपण मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठीच आलो आहो असे सर्वांस कळू दिले. प्रथम त्यांनी त्यांची क्रिओल बोली शिकून घेतली. फ्रेंच शब्दांची मोडतोड म्हणून सुशिक्षित लोक त्या बोलीस हसत. फादरांनी तीत प्रार्थना व सोपी धर्मप्रश्नोत्तरी तयार केली. दिवसभर राबून आलेल्या लोकांस सवड होई ती सायंकाळी; म्हणून धर्मशिक्षणही सायंकाळी ठेवले. प्रथम फारच थोडे लोक येत. ते बसत, ऐकत, आणि पुन्हा तेच ऐकण्यास येत. ज्यांना आयुष्यात कोणी काही शिकविलेच नव्हते, त्यांना घोकून पाठ करणे किती कठीण, हे शिक्षकच जाणतील. फादर एकच वाक्य दहा दहा वेळा म्हणवून घेत.

गोऱ्या समाजास हे रुचले नाही. काही तरुण सायंकाळी देवळात येऊन शिकणाऱ्यांची टवाळी करीत आणि फादरांना अपशब्द बोलत. इतके की बंदोबस्तासाठी पोलीस ठेवावे लागले. फ्रेंच धर्मगुरू म्हणून इंग्रज सरकारास त्यांचा भरवसा नव्हता आणि काळ्यांचा कैवारी म्हणून फ्रेंच मळेवाल्यांस त्यांचा राग होता. फादरांनी कोणाशी वाद घातला नाही, आणि आपला क्रमही सोडला नाही. सकाळी पापनिवेदन ऐकणे, दिवसा इस्पितळात व तुरुंगात जाणे, आजाऱ्यांस भेटणे, सायंकाळी शिकविणे, असा तो क्रम वर्षानुवर्षे चालला.

आता ज्या गोष्टीने आम्हास या वयात विशेष विचार करावयास लावला ती सांगतो. एकटा मनुष्य हजारो लोकांस शिकवू शकत नाही, हे फादरांनी लवकरच ओळखले. युरोपातून मदत येईल तेव्हा येईल. ती पुष्कळ वर्षे आलीच नाही. मग त्यांनी शिकविणारे कोठून आणले? ज्यांना ते शिकवीत होते त्यांच्यातूनच. काल जे बाजारात विकले जात होते, त्या स्त्रीपुरुषांतून त्यांनी सल्लागार निवडले. त्यांत एमिलियें पिएर आणि प्रोस्पेर जां-मारी यांची नावे आजही तेथे आदराने घेतली जातात. या सल्लागारांनी आपापल्या वस्तीत सायंप्रार्थना चालवावी, पोरांना व वृद्धांना प्रार्थना शिकवाव्या, कोणी आजारी वा मरणोन्मुख असेल तर धर्मगुरूस कळवावे, भांडणे मिटवावी, विवाहाची तयारी करून द्यावी. पुढे गावोगाव, मळ्यांच्या कडेला आणि समुद्रकाठी लहान लहान चॅपेले उभी राहिली. लाकडाचे खांब आणि वर गवताचे छप्पर. जागा मिळेल तेथे, आणि बांधणारे हात त्या मुक्त लोकांचेच. त्यांनी घामाच्या पैशातून वर्गणी दिली, तिच्यातून निराश्रितांस व आजाऱ्यांस मदत होऊ लागली. ज्यांच्याजवळ स्वतःचे असे काहीच नव्हते, तेच आता दुसऱ्यास देऊ लागले. दान घेणारा जेव्हा देणारा होतो, तेव्हाच त्याची गुलामगिरी संपते, असे आम्हास वाटते.

फादर लाव्हाल बाप्तिस्मा देण्याची घाई करीत नसत. महिनेन्‌महिने, प्रसंगी त्याहून अधिक काळ, शिकवून व पारखून मगच ते संस्कार देत. विवाह हा तर त्यांच्या कार्याचा पायाच होता. ज्यांना धन्याने कधी पतिपत्नी होऊ दिले नाही, ज्यांची मुले कोणाच्याही हाती विकली जाऊ शकत होती, त्यांना वेदीपुढे उभे करून एकमेकांचे हात एकमेकांच्या हाती देणे म्हणजे केवळ एक विधी नव्हता. हे घर तुमचे, ही मुले तुमची, आणि यांना कोणी तोडू शकणार नाही, असा निर्वाळा देवाच्या नावाने त्यांना मिळत होता. रविवारी दुपारी पोर्ट लुईच्या देवळात काळ्या लोकांसाठी मिस्सा होऊ लागली आणि ते देऊळ दाटीने भरू लागले. कालांतराने त्या गर्दीकडे पाहून काही गोरे लोकही धर्माकडे परतले.

इ. स. १८४६ नंतर त्यांच्या संघाचे काही धर्मगुरू येऊन मिळाले. इ. स. १८५० मध्ये आजारी व अनाथ यांच्या सेवेसाठी त्याच बेटावर एका धर्मभगिनी संघाची स्थापना झाली. इ. स. १८५४ आणि पुन्हा १८५६ मध्ये पटकीच्या साथीने बेटावर हाहाकार उडाला. हजारो माणसे दगावली. वीस वर्षांपूर्वी बाजूस ठेवलेली वैद्यकी फादरांच्या अंगी होतीच. ते आणि त्यांचे सल्लागार घरोघर गेले, रोग्यांस धीर दिला, मरणाऱ्यांस संस्कार मिळवून दिले. ज्यांच्या वाऱ्यास उभे राहू नये असे मानले गेले होते, तेच आता सोडून गेलेल्यांच्या उशाशी बसले.

त्यांच्या शरीरानेही अखेर हार घेतली. साथीच्या त्या वर्षांपासून त्यांना पक्षाघाताचे झटके येऊ लागले. शेवटची काही वर्षे त्यांना प्रवचन करता येईना, वस्त्यांवर जाता येईना. जो मनुष्य सबंध बेट पायाखाली घालीत असे, तो आता देवळाच्या कोपऱ्यात बसून प्रार्थना करी. आपण निरुपयोगी झालो आणि दुसऱ्यांवर भार झालो, याची त्यांना खंत होती. तीही त्यांनी देवास अर्पण केली. ९ सप्टेंबर १८६४ रोजी त्यांनी प्राण ठेवला. तो दिवस दासांचे सेवक संत पीटर क्लेव्हर यांचा सण म्हणून आज पाळला जातो. अंत्ययात्रेस सुमारे चाळीस हजार लोक होते असे सांगतात. पोर्ट लुईजवळ सेंत क्रुआ येथील देवळासमोर त्यांचा देह ठेवला आहे. सेंत क्रुआ म्हणजे पवित्र क्रूस. मुंबईच्या सांताक्रूझ या नावाचाही अर्थ तोच. क्रूसाच्या सणाच्या दिवशी ते बेटावर उतरले आणि क्रूसाच्या नावाच्या जागी विसावले. २९ एप्रिल १९७९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्या पोप महाशयांच्या कारकीर्दीतील हा पहिलाच असा सोहळा होता. पुढे ९ सप्टेंबर २०१९ रोजी, फादरांच्या सणाच्याच दिवशी, पोप फ्रान्सिस यांनीही मॉरिशसमध्ये मिस्सा अर्पण केली.

या कथेचा आपल्या महाराष्ट्राशीही एक धागा आहे. मुक्त झालेल्या लोकांनी मळे सोडले तेव्हा त्यांची जागा भरण्यासाठी मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिले. कराराने बांधलेले मजूर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून गलबते भरभरून गेले. सबंध काळाचा हिशेब धरता सुमारे साडेचार लाख. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशोत्सव साजरा करतात. फादरांचे कार्य मुख्यतः मुक्त दासांमध्ये होते, या मजुरांमध्ये नव्हे. तथापि दरवर्षी सप्टेंबर महिन्यात त्यांच्या समाधीकडे रात्रभर जी यात्रा चालत जाते, तीत ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदू आणि मुसलमानही असतात.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. फादर लाव्हाल यांनी मुक्त लोकांस जमीन मिळवून दिली नाही. ती त्यांच्या हाती नव्हती. त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळांच्या वाट्यास पुढेही दारिद्र्य व उपेक्षा आली, आणि त्याबद्दल तेथील धर्मगुरूंनीच १९९० नंतरच्या काळात उघडपणे आवाज उठविला. गुलामगिरी व मजुरीचे करार यांचे परिणाम तपासण्यासाठी मॉरिशस सरकारने नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाने इ. स. २०११ मध्ये आपला अहवाल सादर केला. मुक्ती जाहीर झाल्यास तेव्हा पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. कायद्यास एक तारीख पुरते. माणसास माणूस म्हणून उभे करण्यास कित्येक आयुष्ये लागतात. फादरांनी त्यांपैकी एक आयुष्य दिले, तेवीस वर्षांचे, आणि ते पुरे पडले नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

आपल्या देशातही वेठबिगारी बंद करणारा कायदा इ. स. १९७६ मध्ये झाला. तरी उचल फेडण्यासाठी वीटभट्टीवर सबंध कुटुंबाने राबावे, असे प्रकार आपल्या अवतीभवती अगदीच नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? आमच्या या धर्मग्रामात लांबच्या मुलखातून आलेले श्रद्धावंत मजूर मिस्सेला येतात आणि शेवटच्या बाकाच्याही मागे, दाराशी उभे राहतात. दरवर्षी नाताळात आपण त्यांना कपडे व धान्य देतो. ही गोष्ट चांगली आहे. ती चालू राहावी. परंतु त्यांच्यापैकी एकासही वाचन करण्यास, धर्मशिक्षण देण्यास किंवा धर्मग्राम मंडळात बसण्यास आपण बोलाविले नाही. आपण असे म्हणत असलो, तरी हा दोष प्रथम आमचा आहे, आणि या पानावर तो आम्ही लिहून ठेवतो.

या महोत्सवाच्या निमित्ताने देवळास नवा रंग लागला, घंटाघराची डागडुजी झाली. आता दाराशी उभ्या असलेल्या त्या बंधुभगिनींस पुढे बोलावून त्यांच्या हाती काही काम द्यावे, असा आमचा मानस आहे. येत्या ९ सप्टेंबर रोजी सायंकाळच्या मिस्सेनंतर त्याविषयी विचार करण्यास सर्वांनी जमावे, अशी नम्र विनंती आहे. धन्यवादित फादर लाव्हाल यांची मध्यस्थी आपल्या धर्मग्रामास लाभो.